चार अक्षरं पंचमावर

केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत, साइट सीच्या टॅक्सीतळावर आम्ही आमाग्विन्या खात उभे होतो. आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, बोटांना लागलेलं तेल, हातात चहाचा कागदी कप. समोर एक गार्ची, म्हणजे मिनीबस टॅक्सीचा पोऱ्या, दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ‘मोब्रेऽऽ काप’ अशी, म्हणजे मोब्रे आणि केप टाउनची, आरोळी ठोकत होता. आमच्या फिल्मची दिग्दर्शिका त्याच्याकडे बघत म्हणाली, “राणी इथे आहे, तिचं गाव इथे आहे, खलाशी हे समोर आहेत. फक्त गाणं इथलं नाही. ते इथलं करायचंय.”

गाणं म्हणजे हेन्री पर्सेलचा ‘डायडो अँड इनीअस’ हा ऑपेरा. १६८९ साली लंडनजवळच्या चेल्सीत मुलींच्या एका शाळेत तो झाल्याची नोंद आहे. जेमतेम तासाभराचा. ट्रॉय जळल्यावर भटकत आलेला इनीअस कार्थेजच्या किनाऱ्याला लागतो, राणी डायडो त्याला आसरा देते, दोघं प्रेमात पडतात. मग चेटकिणीच्या खोट्या निरोपाला देवाची आज्ञा समजून तो निघून जातो आणि ती प्राण सोडते. गोष्ट मुळात आफ्रिकेतलीच, कारण कार्थेज आजच्या ट्युनिशियात येतं. पण दिग्दर्शिकेला ती केप टाउनच्या खायेलित्शात आणायची होती, आणि त्यामागे तिची दोन कारणं होती. घरात गुत्ता चालवणाऱ्या बाईला दक्षिण आफ्रिकेत ‘शिबीन क्वीन’ म्हणतात. वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसांच्या दारूवर बंधनं होती, तेव्हा बायकांनी घरी बिअर गाळून, पोलिसांच्या धाडी झेलून संसार चालवले. राणी हा किताब त्यांनी कमावलेला आहे. दुसरं कारण तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कार्थेज या नावाचा मूळ फिनिशियन अर्थ ‘नवं शहर’. खायेलित्शा या खोसा शब्दाचा अर्थ ‘नवं घर’. पहिलं शहर, आख्यायिकेप्रमाणे, वसवलं ते भावाच्या भीतीने देश सोडून आलेल्या एका बाईने. दुसरी वस्ती १९८० च्या दशकात, मूळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर, काळ्या लोकांना दूर ठेवायचं म्हणून सरकारने वाळूच्या टेकाडांवर वसवली. दोन्हीकडची माणसं दुसरीकडून आलेली. आमच्या डायडोचे वडीलही ईस्टर्न केपमधून आलेले, अर्ध्याअधिक खायेलित्शासारखेच.

मी पुण्यात ध्वनिमुद्रण शिकलो, लग्नानंतर केप टाउनला आलो. या चाळीस मिनिटांच्या फिल्मवर आवाजाचं सगळं काम माझ्याकडे होतं. चित्रीकरणाचे दिवस अकरा, तालमी मात्र पाच महिने.

अशा फिल्म तिकडे आधी झालेल्या आहेत. २००५ साली मार्क डॉर्नफर्ड-मे यांच्या ‘यू-कारमेन ए-खायेलित्शा’ला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बिझेचा ‘कारमेन’ हा ऑपेरा, सगळा खोसात, आणि मुख्य भूमिकेत खायेलित्शाचीच पॉलीन मालेफाने. तिने भाषांतरालाही हात लावला होता. नावातला तो ‘ए’ म्हणजे आपला ‘-त’ : खायेलित्शात. त्याआधी २००१ मध्ये सेनेगलच्या जोसेफ गाई रामाका यांनी ‘कारमेन गेई’ केला, त्यात बिझेचं संगीत मुळीच नाही. गोष्ट घेतली, स्वर डाकारचे ठेवले. आमच्या पहिल्याच बैठकीत हा प्रश्न टेबलावर होता : संगीत ठेवायचं की सोडायचं? मी सोडायच्या बाजूचा होतो. मरिंबा वाद्यं आहेत, चर्चचे समूहगायक आहेत, मग साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाचे स्वर कशाला? त्यावर आमच्या गायकवृंदाच्या प्रमुख बाई बोलल्या. निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. मामा हे तिकडे आईच्या वयाच्या बाईचं संबोधन आहे, मराठी कानाला सवय व्हायला वेळ लागतो. मला त्या भुती म्हणत, म्हणजे भाऊ. त्या म्हणाल्या, “भुती, हे गाणं मी सोळाव्या वर्षापासून गाते आहे. माझ्या आजीच्या चर्चमध्ये त्याची वही होती. ते कुणाचं, हे तू ठरवू नकोस.”

मी गप्प बसलो. पुढच्या तालमीला त्यांनी ती वही आणली. तिच्यात पाच रेघांचं नोटेशन नव्हतं. नुसती अक्षरं होती : द, र, म, फ, स, ल, त. टॉनिक सोल्फा. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत नेली आणि तिथल्या गायकवृंदांनी ती अशी आपली केली की आजही हजारो लोक त्यावरूनच गातात. एनॉक सोंटोंगाचं ‘न्कोसी सिकेलेल’ हे प्रार्थनागीतही त्याच अक्षरांत लिहिलेलं. मी वही हातात घेतली आणि मला ती वाचता आली. हलता षड्ज, त्यावर बाकीचे स्वर. हे तर आपलं सारेगम! फक्त एके ठिकाणी घोळ व्हायचा. मायनरमध्ये त्यांचा पाया ‘ल’ असतो, माझा ‘सा’. डायडोच्या शेवटच्या विलापात खर्जाचा जो भाग पुन्हा पुन्हा येतो, तो मामांच्या वहीत ल, से, स, फे, फ, म असा उतरतो. माझ्या वहीत तोच सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकेक पायरी चाचपत जिना उतरावा तसे सहा स्वर, मग सम गाठून पुन्हा वरून. पाच मापांचं हे चक्र, आपल्या भाषेत पंधरा मात्रांचं आवर्तन, त्या गाण्यात अकरा वेळा येतं. वरची गायिका त्या आवर्तनाच्या कडा पाळत नाही. खाली जिना संपतो तिथे तिचं वाक्य संपत नाही, ते पुढच्या आवर्तनात सांडतं. ज्याने बैठकीतलं गाणं ऐकलंय त्याला यातली ओढ समजावून सांगावी लागत नाही.

कथानकाचे बदल तसे भराभर सुटले. चेटकीण झाली माशोनिसा, म्हणजे वस्तीत दामदुप्पट व्याजाने पैसे लावणारी बाई, जिला डायडोची जागा हवी आहे. देवाची खोटी आज्ञा झाली फोनवर आलेला खोटा निरोप : तुझे कागद रद्द झालेत, आज रात्रीच्या बसने नीघ. इनीअस झाला पूर्व काँगोतल्या बुकावूहून आलेला निर्वासित. २००८ च्या मे महिन्यात परदेशी आफ्रिकनांवर हल्ले झाले, साठांहून जास्त माणसं मारली गेली. त्यामुळे अशा माणसाला घरात घेणारी बाई काय पणाला लावते, हे तिथल्या प्रेक्षकाला कळायला एक वाक्यही लागत नाही. खलाश्यांचं निघतानाचं समूहगीत गार्चींना दिलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटचं पर्सेलचं संगीत आज उपलब्ध नाही, नुसते शब्द उरलेत. त्या रिकाम्या जागेत मामांनी टाळ्यांवर म्हणायची चर्चची दोन गाणी बसवली आणि कुठे सांधा आहे ते मला आजही ऐकू येत नाही.

अडलो ते भाषांतरावर.

पहिला खोसा मजकूर एका भाषांतर करणाऱ्या संस्थेकडून पैसे देऊन करून घेतला होता. अर्थ अचूक होता, आणि एकही ओळ गाता येत नव्हती. इंग्रजीत सुटे सुटे एका अक्षराचे शब्द असतात, ते स्वरांवर खड्यांसारखे ठेवता येतात. खोसात कर्ता, कर्म, काळ सगळं एका शब्दात ओवलेलं, त्यामुळे शब्द लांबलचक. शिवाय शब्दाचं उपान्त्य अक्षर लांबतं, आणि अक्षरांना वरचा-खालचा सूर असतो. चाल उलटी गेली की शब्द परका वाटायला लागतो. दोन आठवडे मामा, दिग्दर्शिका आणि डायडो गाणारी मुलगी एका टेबलाशी बसून ओळन् ओळ उसवत होत्या. मी बाजूला बसून ऐकायचो. मला आठवत होती ती बाबांच्या कपाटातली संगीत नाटकांची जुनी पुस्तकं. प्रत्येक पदाच्या डोक्यावर छापलेलं असायचं : ‘चाल : अमुक अमुक’. आधी चाल, मग तिच्यात बसणारे शब्द. किर्लोस्कर-देवलांनी कानडी चाली, लावण्या, साक्या, ठुमऱ्या घेतल्या आणि मराठी शब्द असे घातले की ती पदं दुसऱ्या कुठल्या भाषेतून आली असतील असं कुणाच्या मनात येत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मामांनी विचारलं, “मग तुमचे लोक काय करायचे, शब्द वाकवायचे की चाल?” मी म्हटलं, “दोन्ही. पण ऐकणाऱ्याला शब्द वाकलेला दिसायला नको.”

विलापातली सगळ्यांना ठाऊक असलेली ओळ आहे ‘रिमेंबर मी’. पर्सेलने ही चार अक्षरं एकाच स्वरावर ठेवली आहेत. चारही पंचमावर. पुढे तीच ओळ तार षड्जावर जाते, पण पहिल्यांदा येते ती अशी, हलतच नाही. खोसात त्याला एकच शब्द आहे : न्दिखुम्बुले. माझी आठवण ठेव. न्दि, खु, म्बु, ले. मोजून चार अक्षरं! पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, देवच पावला. पण मुलीने गाऊन दाखवलं आणि मामांनी हात वर केला. इंग्रजीत शेवटचं अक्षर लांब आहे. तसंच गायलं की ‘न्दिखुम्बुलेऽऽ’ होतं. खोसात लांबायला हवं ते ‘म्बु’. मामा म्हणाल्या, “असं परदेशी पाद्री बोलतात. मरताना कुणी पाद्रीसारखं बोलत नाही.”

नऊ दिवस या एका शब्दावर गेले. आधी एखादा उद्गार घालून पाहिला, ते सैल वाटलं. शब्द बदलून पाहिला, अर्थ पातळ झाला. शेवटी मुलीनेच वाट काढली. ‘न्दि’ झटकन, ‘खु’ दोन स्वरांवर पसरलेला, लांब स्वर पूर्ण ‘म्बु’ला, आणि ‘ले’ अगदी शेवटी, श्वास सुटता सुटता. पर्सेलचा एकही स्वर बदलला नाही. फक्त अक्षर कुठे पडतं ते बदललं. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “आता ती माझ्या गल्लीतली आहे.”

या काळात मला माझ्या भाषेचा एक अनपेक्षित उपयोग झाला. खोसात ख, थ, फ हे महाप्राण वेगळे आणि क, त, प वेगळे. इंग्रजी कानाला ते एकच वाटतात, मराठी कानाला नाही. म्हणून मी माझ्या ध्वनिनोंदी देवनागरीत लिहायला लागलो. जिभेच्या टिचक्यांना अक्षर नव्हतं, त्यांना खुणा केल्या. एक टिचकी म्हणजे हळहळताना आपण दातांमागे करतो तो ‘च्च्’. दुसरी, गालाच्या कडेने, घोड्याला चल म्हणताना करतात ती. तिसरी बाटलीचं बूच उघडल्यासारखी. या टिचक्या माइकला फार लागतात. रेकॉर्डरवर एकदम काटा उडतो, तर बाकीचं गाणं मंद्र सप्तकात कुजबुजत असतं. माइक छातीवर लावला तर टिचक्या बोथट व्हायच्या, बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, वरून आणला तर अंगावर यायच्या. शेवटी बूम कपाळाच्या जरा वर, पण तोंडाच्या रेषेतून बाजूला धरला, तेव्हा कुठे जमलं.

दिग्दर्शिकेचा हट्ट होता की गाणं जागेवरच गायचं. आपल्याकडे सिनेमात गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि नट ओठ हलवतो. मी त्याच शाळेतला. मी तिला म्हटलं, “सिसी (म्हणजे ताई), पत्र्याच्या घरात ऑपेरा रेकॉर्ड होत नाही.” ती म्हणाली, “पत्र्याच्या घरात माणसं गातात की नाही?” यावर उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही असं केलं : गायकवृंदातल्या चार पुरुषांकडून तो सहा पायऱ्यांचा खर्ज नुसता गुणगुणून घेतला, एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात. तो मुलीच्या कानातल्या बारीक इअरपीसमध्ये सोडायचा, आणि ती प्रत्यक्ष गाईल तो आवाज कोरा घ्यायचा. हार्पसिकॉर्ड नाही, तंतुवाद्यं नाहीत. ते गुणगुणणं फिल्ममध्येही तसंच राहिलं.

कोरड्या खर्जावर ती चौथ्या-पाचव्या आवर्तनाला किंचित उतरायची. उतरता जिना तिला खाली ओढायचा. मी तिच्या कानात तंबोरा सोडून पाहिला, सा आणि प. सूर लगेच पक्का झाला, पण गाणं निर्जीव झालं. तिने इअरपीस काढून माझ्या हातात दिला. “भुती, हा आवाज मला सारखा सांगतोय की सगळं ठीक आहे.” मग तंबोरा फक्त टेकच्या आधी दहा सेकंद द्यायचा, असं ठरलं.

वेळापत्रकात एक गोष्ट सुरुवातीलाच लाल शाईने लिहिलेली होती : गुरुवारी दुपारी चित्रीकरण नाही. त्या वेळी वृंदातल्या बायकांचं मन्यानो असतं. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी घालून मेथडिस्ट चर्चच्या बायका प्रार्थनेला जमतात, आणि त्याच्या आड काहीही येत नाही. शनिवारी अंत्यविधी असतात, म्हणून शनिवारची सकाळही गेली. निर्मात्यांना हे जड गेलं. मला वाटतं, या दोन खाडाखोडींमुळेच वृंद आमचा झाला.

डायडो मरते कशी, हे पर्सेलच्या ऑपेरात दाखवावं लागत नाही. ती गाते आणि जाते. पटकथेत मात्र आधी आग लिहिली होती : रॉकेलचा स्टोव्ह उलथतो, पत्र्याचं घर पेटतं. व्हर्जिलच्या काव्यात डायडो चितेवर चढते, त्याला ते जुळत होतं. वाचनाच्या दिवशी तो प्रसंग आला आणि खोलीतली हालचालच थांबली. मामांनी कागद खाली ठेवला. “आमच्यातल्या तिघींची घरं जळली आहेत. एकीचं मूल गेलंय. तुम्हाला ज्वाळा सुंदर दिसतील. आम्ही त्या रात्री तिथे होतो.” दिग्दर्शिका स्वतः त्याच वस्तीत वाढलेली. ती काही न बोलता बाहेर गेली, परत आली आणि चार पानं फाडली. नव्या प्रसंगात डायडो गुत्त्यातले क्रेट रचते, फडक्याने टेबल पुसते, दाराला आतून कडी घालते आणि पलंगावर आडवी होते. बस. शेवटच्या समूहगीतात मूळ शब्द मदनाच्या बाळांनी थडग्यावर गुलाब उधळावेत असे आहेत. आमच्याकडे तो झाला उमलिंदेलो, अंत्यविधीच्या आदल्या रात्रीचं जागरण. बायका शाली पांघरून भिंतीला टेकून गातात.

इनीअसचं काम करणारा मुलगा खरोखरच बुकावूचा. दिवसा पार्किंगमध्ये गाड्या राखायचा, रविवारी चर्चमध्ये बॅरिटोन गायचा. पर्सेलने या पात्रावर अन्याय केलाय, त्याला एकही पूर्ण गाणं नाही, नुसतं स्वरांतलं बोलणं. आम्ही ते स्वाहिलीत ठेवलं. ती खोसात विचारते, तो स्वाहिलीत उत्तर देतो, आणि दोघांचं चालून जातं, कारण दोन्ही भाषा एकाच घरातल्या. माणसाला इकडे उम्न्तु, तिकडे म्तु.

एका तालमीत मुलगी कोपऱ्यात तिचा शब्द घोकत होती. तो बूट काढता काढता थांबला. “काय म्हणालीस?”

“न्दिखुम्बुले.”

“आमच्यात निकुम्बुके म्हणतात.”

तो पुन्हा म्हणाला. नि, कु, म्बु, के. चार अक्षरं, लांब अक्षर त्याच जागी. दोघांमध्ये हजारो किलोमीटर आणि कित्येक शतकं, आणि आठवण ठेव म्हणायला एकच शब्द. मामा खुर्चीतून उठल्या. त्या दिवशी पटकथेत एक ओळ वाढली. निघताना, बॅग खांद्यावर टाकून, तो दारात वळतो आणि न गाता नुसतं म्हणतो : निकुम्बुके. ती उत्तर देत नाही. दहा मिनिटांनी, एकटी, ती तोच शब्द तिच्या भाषेत गाते.

विलाप चित्रित केला दहाव्या दिवशी. दुपारी आग्नेयेचा वारा सुटला होता. केपमध्ये उन्हाळ्यात तो सुटला की वाळू दातांखाली येते. सगळ्या वस्तीत पत्र्यांवर दगड आणि जुने टायर ठेवलेले असतात, ते का, हे त्या दिवशी नीट कळलं. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. वारा पडला तर पत्रा वाजायला लागला. दिवसभर तापलेला पत्रा थंड होताना टक् टक् करतो, अनियमित, कधी जोरात. शेजारच्या दोन मुलांनी ओली पोती वर चढवून अंथरली. टकटक कमी झाली, पाण्याचे थेंब सुरू झाले. थेंबांखाली आम्ही चिंध्या ठेवल्या. रात्री साडेनऊला जरा शांतता मिळाली. गल्लीतल्या लोकांनी आपणहून रेडिओ बंद केले होते. मी त्यांना सांगायला गेलो नव्हतो, मामा गेल्या होत्या.

पहिले तीन टेक सुरात होते आणि चुकीचे होते. ती गात होती. चौथ्याला टॅक्सीचा हॉर्न आला. पाचव्याला तिला रडू आलं आणि आवाज घशात अडकला. दिग्दर्शिकेने सगळ्यांना बाहेर काढलं. आत उरलो चार जण : कॅमेरावाला, मुलगी, मामा पलंगाच्या पायाशी जमिनीवर, आणि बूम धरून मी. मी दहा सेकंद तंबोरा दिला, बंद केला, खर्ज सुरू केला. तिने मामांचा हात धरला. ऑपेरातही डायडो आधी तिच्या सखीचा, बेलिंडाचा, हात मागते, पण हे लिहिलेलं नव्हतं, आणि मामांचा हात चौकटीत आला. न्दि आला, खु पसरला, म्बु असा लांबला की माझ्या हेडफोनमध्ये खोलीची हवा ऐकू आली. ले जवळजवळ नव्हताच. वरून एक थेंब पडला, चिंधीवर न पडता क्रेटवर. मी हललो नाही.

तीन आठवड्यांनी संकलक बाईंचा फोन आला. त्यांना चौथ्या टेकमधला चेहरा जास्त आवडत होता, हॉर्न पुसता येईल का असं त्या विचारत होत्या. सहावा का नको, असं मी विचारलं तर म्हणाल्या, थेंबाचा आवाज आहे, आणि चौकटीत कुणाचा तरी हात आलाय. “आणि तुझ्या कागदावर सहाव्यासमोर काहीतरी लिहिलंय, ते मला वाचता येत नाही. कुठली लिपी आहे ही?”

कागद माझ्याजवळही होता. सहाव्यासमोर मी लिहिलं होतं : म्बु पुरा. ले नुसता श्वास. थेंब राहू दे.

“वाच ना,” त्या म्हणाल्या. मी आधी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं. पलीकडे त्यांनी टेक लावला. फोनमधून तो खर्ज बारीक ऐकू यायला लागला, आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.